लेव्हल वाढली, तरी लढाई का हरतो?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गेमबद्दल होते, म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा पाळीपाळीने लढायचा गेम १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. २००७ मध्ये तो ‘द वॉर ऑफ द लायन्स’ या नावाने पीएसपी या हातातल्या कन्सोलवर आणि पुढे फोनवरही आला. खालची नावं आणि आकडे याच आवृत्तीतले आहेत.

प्रश्न : दोन आठवडे रानावनातल्या लढाया खेळून सगळ्यांची लेव्हल ३० च्या वर नेली. तरी त्याच लढाया आता आधीपेक्षा जड जातात. असं का? (सांगली)

कारण वाटेत अचानक होणाऱ्या लढायांमधले शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर चढतात. दुकानातली हत्यारं मात्र कथा पुढे सरकल्याशिवाय बदलत नाहीत. म्हणजे शत्रू ३० चा आणि तुमच्या हातात पहिल्या प्रकरणातली तलवार! कथेतल्या लढायांचं तसं नाही, तिथले शत्रू बहुतांशी ठरावीक लेव्हलचे असतात.

वाढवायची ती लेव्हल नव्हे, जेपी (जॉब पॉइंट्स). त्यातून कौशल्यं विकत घेता येतात. जॉब म्हणजे पात्राचा पेशा. प्रत्येकाला स्क्वायर या सुरुवातीच्या जॉबमधलं ‘जेपी बूस्ट’ (२५० जेपी) आधी घेऊन द्या आणि सपोर्टच्या खान्यात लावा. एकाने मिळवलेल्या जेपीचा चौथा हिस्सा लढाईतल्या बाकीच्या साथीदारांना त्याच जॉबसाठी मिळतो. त्यामुळे एक जण केमिस्ट (औषधं वापरणारा) म्हणून राबला की इतरांच्या केमिस्ट खात्यातही भर पडते. शिवाय आपल्यापेक्षा खालच्या लेव्हलच्या शत्रूवर वार केला तर अनुभव कमी मिळतो, जेपी कमी होत नाहीत. म्हणून शेवटचा दुबळा शत्रू लगेच संपवू नका. त्याला जिवंत ठेवून सगळ्यांना दोन-चार पाळ्या काम करू द्या.

प्रश्न : ब्लॅक मेजची मोठी जादू सुटेपर्यंत शत्रू निघून गेलेला असतो. एकदा तर ती आमच्याच नाइटवर पडली. जादूगार ठेवायचेच नाहीत का? (ठाणे)

ठेवायचे, पण आधी घड्याळ वाचायला शिकायचं. या गेमचा खरा कस तिथेच लागतो.

प्रत्येक पात्राचा एक सीटी (चार्ज टाइम) आकडा असतो. घड्याळाच्या दर ठोक्याला त्यात त्या पात्राचा स्पीड मिळवला जातो आणि १०० भरले की पाळी येते. पाळीत चाल आणि कृती दोन्ही केलं तर १०० वजा होतात, एकच केलं तर ८०, काहीच केलं नाही तर ६०. म्हणजे नुसता थांबलेला सैनिक पुढच्या फेरीला ४० वरून निघतो. जादूलाही स्वतःचा स्पीड असतो : फायर २५, फिरा २०, फिरागा १५, फिराजा १०. त्यांना अनुक्रमे ४, ५, ७ आणि १० ठोके लागतात.

आता हिशोब करा. शत्रूचा स्पीड ८ आणि सीटी ४० आहे. त्याला आणखी ६० हवेत, म्हणजे ८ ठोके. फिरागा ७ व्या ठोक्याला पडेल, तो अजून जागेवरच असेल. फिराजा १० व्या ठोक्याला येईल, तोवर तो हललेला असेल. त्यामुळे महागडी जादू नेहमी चांगली असं नसतं. पाठ करायची गरज नाही, जादू पक्की करण्याआधी पाळ्यांची यादी उघडून बघा.

तुमच्या नाइटचं काय झालं, तेही यातूनच कळतं. जादू चौकटीवर नेमली तर ती तिथेच पडते, शत्रू असो वा नसो. पात्रावर नेमली तर त्याच्या मागे जाते, आणि तो तुमच्या घोळक्यात शिरला की सगळे भाजतात. हळू जादू वापरायचीच असेल तर ती स्वतःच्या वेगवान सैनिकावर नेमा आणि त्याला शत्रूंच्या दिशेने धाडा. मात्र तिच्या सुटण्याआधी तो तिच्या घेऱ्याबाहेर येऊ शकत नाही, एवढं लक्षात ठेवा. मारा सोसणारा आणि त्या जादूच्या मूलतत्त्वाला (इथे आगीला) दाद न देणारा गडी निवडा.

आधी मंत्र सुरू करा, मग मेजला मागे चालवा, उलट क्रम नको. मंत्र चालू असताना त्याला वार चुकवता येत नाही.

प्रश्न : तीच जादू एका शत्रूला जोरात लागते, दुसऱ्याला जेमतेम. ‘रेज’ ही जिवंत करणारी जादू टाकली तरी मेलेला साथीदार उठत नाही. (बेळगाव)

फेथ (श्रद्धा) बघा, हा प्रत्येक पात्राचा एक आकडा असतो. जादू करणारा आणि ज्याच्यावर ती होते तो, दोघांच्या फेथचा गुणाकार होतो. ७० आणि ७० असतील तर परिणाम ४९ टक्के. समोरच्याचा फेथ ४० असेल तर २८ टक्क्यांवर येतो. हेच गणित उपचाराला लागू आहे, म्हणून कमी फेथचा योद्धा शत्रूच्या जादूपासून वाचतो, पण ‘रेज’लाही दाद देत नाही. त्याच्यासाठी फीनिक्स डाउन (केमिस्ट, ९० जेपी) ठेवा. तिला फेथ लागत नाही आणि वेळही लागत नाही. केमिस्ट ती लांबून फेकतो, इतरांना मात्र ‘थ्रो आयटम्स’ लावल्याशिवाय अगदी शेजारी जावं लागतं.

ऑरेटर (वक्ता) या जॉबच्या बोलण्याने लढाईत फेथ किंवा ब्रेव्हरी (शौर्य) ४ ने बदलली की १ कायमची बदलते. जादूगाराचा फेथ ८० च्या आसपास पुरे. कायमचा फेथ ९५ ला पोहोचला तर तो सैनिक देवाच्या शोधात तुकडी सोडून जातो, आणि परत येत नाही.

प्रश्न : रिओव्हान्स किल्ल्यात विग्राफसमोर आपला नायक रामझा एकटा पडतो. मधेच सेव्ह केलं, आता बाहेरही जाता येत नाही. (पुणे)

जुनं सेव्ह असेल तर तिथे परत जा, नसेल तर आहे त्यावरच भागवावं लागेल. विग्राफचे तलवारीचे विशेष वार चुकवता येत नाहीत, म्हणून ढालीचा उपयोग नाही. प्रतिक्रियेच्या खान्यात ‘ऑटो-पोशन’ (केमिस्ट, ४०० जेपी) लावा. ते ब्रेव्हरीइतक्या टक्क्यांनी चालतं आणि साठ्यातलं सर्वांत हलकं औषध आधी वापरतं. बाहेर असतानाच साधी पोशन विकून टाकायची असतात ती यासाठी. मग विग्राफपासून लांब पळत रामझाच्या ‘टेलविंड’ कौशल्याने दर पाळीला स्पीड १ ने वाढवत राहा. त्याच्या एका पाळीत तुमच्या दोन-तीन यायला लागल्या की मारा सुरू करा. तो बेलियस नावाचा राक्षस झाल्यावर तुमचे बाकीचे गडी येतात. सोबतच्या राक्षसांकडे दुर्लक्ष करून सगळे बेलियसवर लावा, तो पडला की लढाई संपते.

किल्ल्यात शिरण्याआधी दुसऱ्या जागी वेगळं सेव्ह ठेवा.

प्रश्न : अरिथ्मेटिशियन हा जॉब एवढा हळू, मग लोक त्याची स्तुती का करतात? (बंगळूरु)

त्या जॉबमध्ये राहून लढायचंच नसतं. कौशल्य शिका आणि दुय्यम खान्यात लावून दुसऱ्या जॉबला द्या. ना एमपी (जादूची शक्ती) लागत, ना वेळ. ‘लेव्हल, ५’ निवडलं की मैदानात ज्यांची लेव्हल ५ ने भागली जाते त्या सगळ्यांवर जादू पडते, आपल्यांवरसुद्धा. म्हणून सगळ्यांना कॅमेलियन रोब घाला, त्यात ‘होली’ ही जादू शोषली जाते, आणि मग ‘होली’ टाका. पण पहिल्यांदा खेळत असाल तर हे करू नका. चौथ्या प्रकरणात लढायांत चुरसच उरत नाही.