दोन उणे ४८ व्होल्ट फीड (ए आणि बी), २०० वॅटचे कार्ड: कोणता हॉट-स्वॅप कंट्रोलर (चालू यंत्रणेत कार्ड बसवताना प्रवाहाचा झटका आवरणारी चिप) घ्यावा?

एकाच चिपकडून दोन कामांची अपेक्षा ठेवू नका. हॉट-स्वॅपचा एकटा मॉस्फेट (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) उलटा प्रवाह अडवत नाही, त्याच्या आतला बॉडी डायोड वाहतोच. म्हणून आधी दोन फीडचे ऑरिंग (एका फीडचा प्रवाह दुसऱ्यात उलटा जाणार नाही अशी एकत्र जोडणी), मग त्यापुढे एकच हॉट-स्वॅप.

फीड घसरून ४० व्होल्टवर आला तर २०० वॅट म्हणजे ५ अँपिअर. ऑरिंगला शॉट्की डायोड लावला तर त्यावर अडीच वॅटच्या आसपास नुसती उष्णता. त्यापेक्षा एलटीसी४३५४ (मॉस्फेटला डायोडसारखे चालवणारी ऑरिंग चिप) आणि दोन मॉस्फेट बरे. ए आणि बीचे रिटर्न वेगळे येत असतील तर त्या बाजूलाही डायोड लागतील. हे हमखास राहून जाते.

हॉट-स्वॅपला मी एलएम५०६७ घेईन, कारण त्यात पॉवर लिमिट (मॉस्फेटमध्ये जिरणाऱ्या वॅटवर मर्यादा) आहे. खरी परीक्षा मॉस्फेटची असते. कार्डावरचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, फीड चढलेला असताना, ६० व्होल्टपर्यंत चार्ज करताना त्यात १.८ जूल जिरतात, तेव्हा आरडीएस-ऑन (चालू असतानाचा रोध) नंतर बघा, आधी डेटाशीटमधला एसओए (सुरक्षित कार्यक्षेत्र) आलेख बघा, तोही तापलेल्या अवस्थेतला. साइटवर माणूस नसेल तर बिघाडानंतर आपोआप पुन्हा सुरू होणारा एलएम५०६७चा ‘-२’ प्रकार घ्या. ‘-१’ लॅच होऊन, म्हणजे बंदच राहून, बसतो.

व्होल्टेज-करंटची आकडेवारी आय-टू-सीवर (चिपमधली दोन तारांची डेटा बस) हवी असेल तरच एलएम५०६७ऐवजी एलटीसी४२६१. आणि फीड गेल्याचा अलार्म ऑरिंगच्या अलीकडून, म्हणजे फीडच्या बाजूने, घ्या, पलीकडे काही कळत नाही.