व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचा इंटरफेस नवख्या माणसाला सोपा वाटावा म्हणून काय करावं?

भावा, तू लिहिलंयस की कॉलेज प्रोजेक्ट म्हणून व्हिडिओ एडिटर बनवतोयस, फीचर्स झालीत पण ज्याला दाखवशील तो स्क्रीन बघूनच गोंधळतोय, तर बटणं कमी करू का. मी कोल्हापुरात राजारामपुरीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, कोडिंग मला येत नाही, पण सीझनला दिवसाचे दहा-दहा तास त्या स्क्रीनसमोर जातात म्हणून लिहायलोय.

बटणं कमी कर हवं तर, पण दुखणं तिथं नाही. नवीन माणसाला खरी भीती असते ती आपल्या हातनं काहीतरी बिघडेल आणि आपल्याला कळणारपण नाही याची. आणि ती भीती खोटी नसते बघ.

मागच्या सीझनला आमच्याकडं एक नवीन पोरगं आलं. त्याला मंगलाष्टकांच्या आधीचा कॅमेरा हललेला तुकडा काढायला सांगितला, त्यानं सिलेक्ट करून डिलीट मारला, पुढचे क्लिप सरकून जागा भरली, त्याला वाटलं झालं काम. पण आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आणि तो ट्रॅक लॉक होता, म्हणजे चित्र पुढं सरकलं आणि आवाज जागच्या जागी राहिला. तुकडा किती, तर १२ फ्रेमचा (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र), सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबानं अर्धा सेकंदसुद्धा नाही. तिथनं पुढचं अख्खं लग्न बिघडलं, भटजींचे ओठ आधी हलतात आणि ‘सावधान’ मागनं ऐकू येतं. घरच्यांनी टीव्हीवर लावल्यावर कळलं, मग दोन दिवस बसून सगळं परत जुळवलं. पोराला मी काही बोललो नाही, कारण लॉकचं चिन्ह म्हणजे करड्या पट्टीवर करडा ठिपका, कुणाला दिसणार ते?

म्हणून माझं पहिलं मागणं हेच राहील की माउस सोडायच्या आधी मला दिसू दे काय काय हलणार आहे. जे सरकणार ते फिकट सावलीत पुढं दाखव, जे मागं राहणार त्यावर लाल रेघा मार. आणि तरीही जुळणी तुटलीच तर क्लिपवरच सरळ लिही, ‘आवाज १२ फ्रेम मागं’, शेजारी ‘जुळवा’ असं बटण. काही सॉफ्टवेअर लाल आकडा दाखवतात, पण तो आकडा कसला हे नवख्याला कोण सांगणार.

अनडू पाहिजे तेवढे दे आणि त्याची यादी शब्दांत दे, ‘हळदीचा क्लिप कापला’ असं वाचता आलं पाहिजे. सेव्ह मागनं आपोआप होऊ दे, पावसाळ्यात इथं लाईट कधी जाईल नेम नसतो. आणि अजून एक, कट मारला की मेमरी कार्डवरनं आलेली मूळ फाइलच कापली जाते असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही हे तुला माहीत आहे, त्यांना नाही, तर पहिल्या डिलीटच्या वेळी ‘मूळ व्हिडिओ सुरक्षित आहे’ एवढी एक ओळ दाखव, हात मोकळा होतो माणसाचा.

अडकणारं सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी अवघडच वाटतं. क्लिक केल्यावर सेकंदभर काहीच हललं नाही तर माणूस परत क्लिक करतो आणि दोन कट पडतात. फोर-के फुटेज असेल तर हलक्या प्रॉक्सी फाइल, म्हणजे त्याच व्हिडिओच्या कमी दर्जाच्या कॉपी, मागं आपोआप बनव, प्लेहेड (कुठला क्षण दिसतोय ते दाखवणारी उभी रेघ) ओढताना चित्र धुरकट दिसलं तरी चालेल पण लगेच दिसलं पाहिजे.

सवयींना मात्र धक्का लावू नकोस. कीबोर्डवर स्पेसला प्ले, जे-के-एल नं मागं-थांब-पुढं, आय-ओ नं तुकड्याची सुरुवात-शेवट, हे हातात बसलेलं असतं. २०११ ला ॲपलनं फायनल कट प्रो एक्स हे एडिटिंग सॉफ्टवेअर आणलं तेव्हा टाइमलाइनची, म्हणजे क्लिप ओळीनं मांडायच्या पट्टीची, पद्धतच बदलली, जुने प्रोजेक्ट उघडेनात, मल्टिकॅम (बऱ्याच कॅमेऱ्यांचं शूटिंग एकत्र एडिट करायची सोय) गायब, मुरलेले एडिटर लई चिडले होते. मल्टिकॅम २०१२ च्या जानेवारीत परत द्यावं लागलं.

आता आपल्या लोकांसाठी खास. टायटलमध्ये मराठी नीट दिसू दे रे बाबा! ‘चि. सौ. कां.’ नंतर ‘स्मिता’ टाइप केलं की स सुटा पडतो आणि वेलांटी भलतीकडं जाते, मग आम्ही फोटोशॉपमध्ये नाव लिहून चित्र म्हणून आणतो. हार्फबझ नावाचं ओपन सोर्स इंजिन आहे, अक्षरं जोडायचं काम ते करतं, ते वापर. आणि एकेक अक्षर उमटणारं ॲनिमेशन देणार असशील तर ‘स्मि’ एकदम आला पाहिजे, आधी स मग म मग वेलांटी असं नको. मेनू मराठीत कर पण ‘कट’ला ‘कर्तन’ करू नकोस, दुकानात कट म्हणतात, टाइमलाइन म्हणतात, तेच लिही.

सगळं झालं की कुणालातरी समोर बसव, एक लग्नाचा क्लिप दे, आणि तू मागं गप्प बस, तोंडातनं ‘तिथं नाही, इकडं’ निघू द्यायचं नाही. त्याचा हात कंट्रोल-झेडकडं, म्हणजे अनडूकडं, किती वेळा गेला ते मोज आणि प्रत्येक वेळी काय होईल असं वाटलं होतं ते नंतर विचार. माणूस मिळाला नाही तर सांग, आमचं ते पोरगं अजून इथंच आहे, त्याला बसवतो.