खतांवरचं अनुदान कमी करायचंच असेल, तर ते कधी करावं?

लातूर जिल्ह्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. आधी वडील बसायचे, आता मी बसतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुकानात जे दिसतं त्यावरूनच देतो: जगात खत स्वस्त असेल तेव्हा, आणि तेही सुगी झाल्यावर. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं झालं.

1991 च्या जुलैत परकीय चलनाचा खडखडाट होता. अर्थसंकल्पात खतं 40 टक्क्यांनी महाग केली, तीही ऐन खरिपात. ओरड झाली, वाढ 30 टक्क्यांवर आणली. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशची (पोटॅशची) खतं नियंत्रणमुक्त केली, म्हणजे त्यांचे भाव सरकारने ठरवणं सोडलं आणि ते चढले, आणि त्याच वेळी युरिया, म्हणजे नत्राचं खत, 10 टक्क्यांनी स्वस्त! मग शेतकरी काय उचलणार? देशात नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचं प्रमाण एका वर्षात 5.9:2.4:1 वरून 9.5:3.2:1 वर गेलं. 4:2:1 योग्य मानतात. वडील सांगतात, त्या साली पोटॅशची थप्पी जागची हलली नाही. 2010 मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, म्हणजे खतातल्या नत्र-स्फुरद-पालाशच्या किलोमागे ठरलेली रक्कम, तेव्हाही युरिया त्यातून वगळला आणि पुन्हा तीच गत झाली. युरियाची 45 किलोची बॅग अजून 266.50 रुपयांनाच आहे.

वेळ साधता येते, हे डिझेलच्या बाबतीत दिसलं. जानेवारी 2013 पासून लिटरमागे महिन्याला साधारण 50 पैसे वाढवत नेले. 2014 मध्ये कच्चं तेल घसरलं आणि ऑक्टोबरात भाव खुले केले, तेव्हा डिझेल उलट तीन रुपयांहून जास्त उतरलं. आमच्या गावात त्याची चर्चासुद्धा झाली नाही.

त्यानंतर बाहेरचा युरियाही स्वस्त होता. तेव्हाच त्याला हात घालायला हवा होता. ती संधी गेली याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण 2021 च्या उन्हाळ्यात डीएपीची, म्हणजे नत्र आणि स्फुरद दोन्ही देणाऱ्या खताची, बॅग 1200 वरून 1900 रुपयांवर गेली आणि पेरणीच्या तोंडावर माणसं भाव ऐकून रिकाम्या हाताने परत जाताना मी पाहिली. मे महिन्यात केंद्राने बॅगमागचं अनुदान 500 वरून 1200 रुपये केलं. ते बरोबरच केलं, तेव्हा दुसरा इलाजच नव्हता.

पुन्हा भाव उतरले, की दिवाळीच्या सुमारास, सोयाबीनचे पैसे हातात असताना, पुढच्या तीन वर्षांचे दर एकदमच जाहीर करावेत. युरिया थोडा थोडा वर न्यावा, डीएपी आणि पोटॅश त्याच वेळी खाली आणावं. आणि दरवाढीआधी एकरी रक्कम खात्यात जमा व्हावी, नंतर नव्हे.

पण बटईने रान करणाऱ्यांचं काय? सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, म्हणून पीएम किसानचा हप्ता त्यांना मिळत नाही. खत विकताना घेणाऱ्याची नोंद करणाऱ्या माझ्या पॉस मशीनवर अंगठा मात्र तेच लावतात. ती नोंद सरकारकडे आहे. त्यांची यादी तिथूनच करायला घ्यावी.