डोळे तपासावेत की नेम?

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

अंध व्यक्तींना स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगू द्यावी का, या विषयावरचा तुझ्या प्रबंधाचा खर्डा वाचला. संदर्भ कसून शोधलेले दिसतात, भाषाही नेटकी आहे. परंतु पहिल्याच पानावर तू अमेरिकेतील आयोवा राज्याची टवाळी करून घेतली आहेस आणि पुढची सगळी मांडणी त्या टवाळीच्या आधारावर उभी केली आहेस. आयोवात अंधांनाही बंदुकीचे परवाने मिळतात ही बातमी २०१३ साली फुटली तेव्हा वर्तमानपत्रांनी आणि विनोदवीरांनी नेमके हेच केले होते. कायद्याच्या विद्यार्थ्याने एवढ्यावर थांबू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

आयोवात पूर्वी परवाना द्यायचा की नाही हे बहुतांशी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, मर्जीवर असे. १ जानेवारी २०११ पासून नवा कायदा लागू झाला आणि ही मर्जी संपली. अपात्रतेची जी कारणे कायद्यात दिली होती, त्यांत अंधत्व नव्हते. शिवाय परवान्यासाठीचे प्रशिक्षण संगणकासमोर बसून, एकही गोळी न झाडता पूर्ण करता येत असे. त्यामुळे ज्यांना अर्ज स्वतः वाचता येत नव्हता अशांनाही सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याचा परवाना मिळाला. यावर तिथले शेरीफही एकमताचे नव्हते. एकाने स्वतःच्या अल्पदृष्टी मुलीला नेमबाजी शिकवली होती; दुसऱ्याला ही कल्पनाच मान्य नव्हती. आयोवातील व्हिंटन येथील अंधांच्या ब्रेल शाळेच्या तत्कालीन प्रमुखांनी, अंध व्यक्ती जीवनाच्या जवळजवळ प्रत्येक क्षेत्रात पूर्णपणे सहभागी होऊ शकत असली तरी बंदूक हा कदाचित अपवाद असेल, असे म्हटले. तर अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रवक्त्याने केवळ अंधत्व हे नकाराचे कारण होऊ शकत नाही अशी भूमिका घेतली. हे दोघेही अंधांच्या बाजूचेच लोक होते. तुझ्या खर्ड्यात मात्र अंध एका बाजूला आणि शहाणे दुसऱ्या बाजूला, अशी सरळ फाळणी झाली आहे.

आता ‘अंध’ म्हणजे कोण, हे आधी नीट ठरव. अमेरिकी कायद्यानुसार, चष्मा लावूनही ज्याच्या अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी २०/२०० किंवा त्याहून कमी आहे (इतरांना २०० फुटांवरून दिसते ते त्याला २० फुटांवरूनच दिसते), अथवा ज्याचे दृष्टिक्षेत्र २० अंशांपर्यंत किंवा त्याहून खाली आकसले आहे, ती व्यक्ती अंध ठरते. पूर्ण काळोखात राहणारे यांपैकी थोडे. दृष्टिक्षेत्र आकसलेला एखादा माणूस बारीक अक्षर वाचेल, पण शेजारी उभे असलेले मूल त्याला दिसणार नाही. उलट डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग निकामी झालेल्याला चेहरा ओळखता येणार नाही, मात्र बाजूने कोणी सरकले तर कळेल. या दोघांना एकाच नियमाने नाकारायचे किंवा एकाच नियमाने होकार द्यायचा, हे मला पटत नाही.

आयोवाच्या शेजारच्या राज्यांकडे पाहा, म्हणजे प्रश्नाची खरी फोड होईल. त्या काळी नेब्रास्का अर्जदाराचे डोळे तपासत असे: वाहन चालवण्याचा परवाना दाखवा, नाहीतर नेत्रतज्ज्ञाचा दाखला आणा. मिसुरी आणि मिनेसोटा नेम तपासत. आयोवा दोन्ही तपासत नव्हते. माझ्या मते आयोवाची चूक अंधांना परवाना देण्यात नव्हती. कोणाचीच परीक्षा न घेण्यात होती, आणि ती उणीव अंध अर्जदारांमुळे फक्त उघडी पडली. २०२१ च्या जुलैपासून तर तिथे शस्त्र घेऊन फिरण्यासाठी परवान्याचीच सक्ती उरली नाही, ही गोष्ट खर्ड्यात कुठेच नाही. ती आधी घाल.

मात्र समतेच्या बाजूने लिहिणाऱ्यांची एक सोय मी तुला देणार नाही. दृष्टिबाधितांसाठी एअर रायफलची क्रीडास्पर्धा असते. नेमबाजाच्या कानाला हेडफोन असतात आणि बंदुकीचा रोख लक्ष्याच्या केंद्राजवळ जाऊ लागला की आवाजाची पट्टी चढत जाते. त्या आधारावर हे खेळाडू १० मीटरवरच्या लक्ष्याचा उत्तम वेध घेतात. परंतु ते लक्ष्य जागचे हलत नाही, आपली जागा यंत्राकरवी सांगते आणि त्याच्या मागे कोणी उभे नसते. मध्यरात्री दार वाजले तर आत येणारा चोर आहे की उशिरा घरी परतलेला भाऊ, हे ओळखणे हे नेम धरण्यापेक्षा अवघड काम आहे. डोळसांनीही या क्षणी घरच्याच माणसांवर गोळ्या झाडल्या आहेत, हे खरे. पण डोळसाला दिवा लावता येतो, अंधाला हाक मारून उत्तराची वाट पाहावी लागते, आणि हल्लेखोर उत्तर देत नाही. म्हणून परीक्षा केवळ नेमाची असून भागणार नाही. गोळी कधी झाडू नये याचीही हवी, आणि ती सर्वांना सारखीच हवी.

याला कायद्याचा आधारही आहे. अपंगत्वाविषयीच्या १९९० च्या अमेरिकी कायद्यात इतरांना थेट धोका असल्यास नकार देता येतो, पण तो धोका त्या विशिष्ट व्यक्तीबाबत तपासून ठरवावा लागतो. सरसकट गृहीत धरता येत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालाने घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क मान्य केला. त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने शस्त्रांवरील निर्बंधांना ऐतिहासिक परंपरेची (पूर्वी तसे निर्बंध असत का, याची) कसोटी लावली, तरी त्याच्या नवव्या तळटीपेत वस्तुनिष्ठ निकषांवर परवाना देणाऱ्या राज्यांच्या सुरक्षा-प्रशिक्षणाला धक्का लावलेला नाही. तेव्हा दृष्टीच्या अटीपेक्षा सर्वांसाठीची कौशल्यपरीक्षा न्यायालयात अधिक टिकेल, असे मला वाटते.

धोक्याचे पारडे मांडताना दोन गोष्टी विसरू नकोस. अमेरिकी सरकारच्या २०१७ ते २०१९ च्या पाहणीत अपंग व्यक्तींवरील हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट आढळले. भीती खोटी नाही. त्याच वेळी तिथल्या बंदुकीच्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि त्याचा दृष्टीशी काही संबंध नाही.

भारताची तुलना शेवटी एका परिच्छेदात उरक. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना हा हक्क नाही, आणि २०१६ च्या नियमांनुसार वैद्यकीय दाखलाही द्यावा लागतो. त्यामुळे तो प्रश्न इथे त्या रूपात उभाच राहत नाही. मात्र दिव्यांग हक्क कायद्याचे (२०१६) कलम ३ वाच. रास्त हेतूसाठी प्रमाणशीर उपाय असेल तरच भेदभाव क्षम्य, हा त्यातील निकष तुझ्या मुख्य युक्तिवादाला उपयोगी पडेल.

दुसरे प्रकरण नव्याने लिही. घरात शस्त्र ठेवणे आणि ते कमरेला लावून बाजारात जाणे यांचा विचार वेगवेगळा कर. पहिल्याला मी बंदी घालणार नाही, दुसऱ्याला परीक्षेविना मान्यता देणार नाही. तुझे मत वेगळे असल्यास तसे लिही, पण खर्ड्याच्या शीर्षकातला विनोद काढून टाक आणि मगच खर्डा पुन्हा माझ्याकडे पाठव.

तुझा शुभचिंतक