नाड्याच्या जागची न भरणारी जखम: ट्यूब बंद, आधी बायोप्सी

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६८, कमरेला परकराच्या नाड्याच्या रेषेत जुना काळा, खाजरा पट्टा आहे, त्यातच उजव्या कुशीला सहा महिन्यांपासून जखम भरत नाही, आणि त्यावर दुकानातून आणलेली मलमाची ट्यूब लावताय. पट्टा आणि जखम यांचा विचार वेगवेगळा करा.

पट्टा बहुतेकदा घासण्याचाच असतो. नाडा रोज त्याच जागी काचतो, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याखाली घाम साचतो, आणि खाजवून कातडी जाड, काळी पडते. गजकर्ण असेल तर कड पसरत जाते आणि मधला भाग निवळतो. सोरायसिसवाल्यांना तर घासल्या जागीच चंदेरी पापुद्र्याचा चट्टा उठतो. हे त्रास कमीजास्त होत राहतात आणि नीट उपचारांनी आटोक्यात येतात.

जखम मात्र सहा महिने टिकली, म्हणजे कॅन्सर नाही हे सिद्ध करावंच लागेल. वर्षानुवर्षं चिघळलेल्या कातडीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, होतो. धोतराच्या काचाने होणाऱ्या अशा कॅन्सरवर मुंबईचे कॅन्सर-संशोधक डॉ. खानोलकर यांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकराच्या नाड्याखाली कॅन्सर झालेल्या दोन बायका नोंदवल्या. त्यातल्या एकीच्या जांघेतल्या गाठीपर्यंत तो पोचला होता.

आज उजेडात नीट बघा. जखमेची कड बोटाला टणक लागते का? बाहेरच्या बाजूला उलटलेली, फुलकोबीसारखी खडबडीत आहे का? कपडा लागला तरी रक्त येतं का, वास येतो का? जांघेत दोन्ही बाजूंना गाठ चाचपडा. यातलं एकही असेल तर याच आठवड्यात दाखवा. काहीच नसलं तरी दाखवायचंच आहे, आणि दुखत नाही म्हणून थांबू नका.

दुकानातून आणलेली ट्यूब आजच बंद करा. अशा मिश्र मलमांत बऱ्याचदा क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड असतं. त्याने खाज दबते, म्हणून बरं वाटतं. पण कातडी पातळ होते, गजकर्ण आतल्या आत पसरतं आणि जखमेचं खरं रूप झाकलं जातं. चुना, हळद, राख काहीही भरू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलेलं जाळीदार कापड आणि वर सैल पट्टी, बस.

नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग ओपीडीत जा. बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून घेतलेला छोटा तुकडा, आणि तो जखमेच्या कडेवरून, थोड्या खोलीपर्यंत घ्यायला हवा. मधल्या मऊ, सडक्या भागातून घेतला तर रिपोर्टमध्ये नुसती सूज येते आणि सगळे निश्चिंत होतात. रिपोर्ट साधा आला पण जखम भरत नसेल तर बायोप्सी पुन्हा करायला सांगा, त्यात संकोच नको. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती खोटी आहे. वेळ घालवल्याने तो पसरतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. मधुमेह असेल तर साखरेचा रिपोर्टही न्या.

कॅन्सर निघालाच तर तो भाग भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढतात, जागा मोठी असेल तर मांडीची कातडी लावतात. जांघेतल्या गाठी सोनोग्राफीने बघतात. नागपुरातच तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये पुढचे उपचार होतात.

तोपर्यंत परकराला नाड्याऐवजी तीन-चार बोटं रुंद पट्टी शिवून घ्या. ती सैल बांधा, गाठ रोज वेगळ्या जागी द्या. घरात तर गाऊनच बरा. जखमेवर काहीही काचता कामा नये. आणि ती ट्यूब टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.