अक्षरं चार, उत्तर सात

प्रश्न : पायथनची एक छोटी लायब्ररी वापरतो. तिच्यातलं एक फंक्शन शब्दातली अक्षरं मोजतं, असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. पण ‘खानापूर’ दिलं की उत्तर ७ येतं. चूक कुठे आहे आणि ती दुरुस्त कशी करायची?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, खानापूर

उत्तर : फंक्शन युनिकोडचे कोडपॉइंट, म्हणजे संगणक प्रत्येक वर्ण आणि मात्रेला देतो ते वेगळे क्रमांक, मोजतंय : ख, काना, न, काना, प, दीर्घ उकार, र. झाले ७. कन्नड लिपीत ‘बेळगावी’ लिहून पाहा. अक्षरं चार, उत्तर पुन्हा ७. इंग्रजीत अक्षर आणि कोडपॉइंट बहुधा एकच असतात, त्यामुळे लिहिणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. मराठी-कन्नड दोन्ही वाचणाऱ्याला तो लगेच दिसतो, म्हणून ही दुरुस्ती तुम्ही जरूर पाठवा.

आधी डॉक्युमेंटेशनमधलं वाक्य चुकलंय की कोड, ते ठरवा. लायब्ररीतल्या टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर तपासणारे छोटे प्रोग्रॅम, पाहा. काना-मात्रा असलेल्या शब्दासाठी तिथे कोडपॉइंटचाच आकडा धरला असेल, तर वाक्य बदलायचं. तशी टेस्ट नसेल तर लायब्ररीच्या पानावर इश्यू, म्हणजे शंका किंवा तक्रार, नोंदवून विचारा. कोडला परस्पर हात लावू नका. त्या आकड्यावर विसंबून शब्द कापणारे इतरांचे प्रोग्रॅम बिघडतील.

वेबवरचं पान बहुधा फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे तिहेरी अवतरणांतल्या मजकुरातून, स्फिंक्स हा प्रोग्रॅम तयार करतो. तयार एचटीएमएल बदललं तर पुढच्या बिल्डला, म्हणजे पान पुन्हा तयार होताना, दुरुस्ती पुसली जाईल. मूळ फाइल शोधा, तीही मुख्य ब्रँचवरची, म्हणजे कोडच्या चालू प्रतीतली. कदाचित तिथे चूक आधीच सुधारली असेल. जुने पुल रिक्वेस्ट, म्हणजे इतरांनी पाठवलेले बदलांचे प्रस्ताव, तेही चाळा.

लायब्ररीचा कोड गिटहब या साइटवर असेल, तर तिथे फाइल उघडून पेन्सिलचं चिन्ह दाबलं की फोर्क, म्हणजे तुमची स्वतःची प्रत, करायला गिटहबच सुचवतं. एवढ्याशा कामाला तेच बरं. स्वतःच्या एडिटरमध्ये सेव्ह करताना ऑटो-फॉरमॅट (कोडची मांडणी आपोआप बदलणारी सोय) चालू राहिलं तर एका शब्दासाठी शेकडो ओळी बदललेल्या दिसतात आणि तपासणारा वैतागतो. पाठवण्यापूर्वी डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, पाहा. साध्या इंग्रजीत तीनच गोष्टी लिहा : काय लिहिलंय, प्रत्यक्षात काय येतं, काय हवं. सोबत पायथनची आणि लायब्ररीची आवृत्ती द्या.

शक्य असेल तर डॉकस्ट्रिंगमध्ये ‘खानापूर’चंच उदाहरण घाला आणि अशी उदाहरणं तपासणारा पायथनचा डॉकटेस्ट चालवा. तो अपेक्षित उत्तर अक्षरशः जुळवतो, त्यामुळे देवनागरी ‘७’ लिहिलात तर टेस्ट नापास होईल. तिथे इंग्रजी अंकच हवा.