नुसता हात धरून बसल्याने आजारी माणसाला खरंच बरं वाटतं का?

वाटतं, आणि हे नुसते मनाचे खेळ नाहीत. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हातावर, पाठीवर, 'सी-टॅक्टाइल' नावाचे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर अशा संथ गतीने, उबदार हाताने कुरवाळलं की ते सर्वांत जास्त जागे होतात. घाईघाईत थापटण्याने ते साधत नाही.

२००६ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांना विजेचा झटका बसण्याची धास्ती देऊन एमआरआय काढले. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ कमी दिसली. अनोळखी हातानेही थोडी कमी झाली, पण नातं जितकं चांगलं तितका फरक जास्त.

माझे वडील शेवटी बोलेनासे झाले होते. मी आपला शांतता भरून काढायला बडबडत राहायचो आणि ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा फोन खिशात टाकला, त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि गप्प बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांच्या मुठीत घट्ट आवळलेली चादर सुटली. (दुखणं तसंच होतं, औषधंही चालूच होती. स्पर्शाने आजार बरा होतो म्हणणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा.)

आणि आधी विचारा, निदान चेहरा तरी बघा. काहींना स्पर्श नकोसा वाटतो. त्यांच्याजवळ नुसती खुर्ची ओढून बसा.